दर शुक्रवारी उशिरा येणारी बाई

कॉम्प्युटर स्लो झाला की माणसं आधी माउस आपटतात, मग ‘व्हायरस आहे’ म्हणतात, आणि शेवटी नवा घ्यायच्या गोष्टी करायला लागतात. निगडीतल्या एका दुकानातर्फे मी आठ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतेय. त्या शेवटच्या गोष्टीवर माझा जुना राग आहे. चांगली चालती मशीन भंगारात जाताना मी पाहिली आहेत, आणि ‘आता हा गेला बघा’ असं गंभीर चेहऱ्याने सांगणारे आमच्या धंद्यातले लोकही पाहिले आहेत. त्यांना लाज वाटत नाही. मला वाटते, म्हणून हे लिहिते.

प्रकार साधा आहे. कॉम्प्युटर चालू केला की तुमचं काम सुरू होण्याआधी काही प्रोग्रॅम स्वतःहून सुरू होतात. तुम्ही न बोलावता. प्रिंटरवाला म्हणतो मी आलो, मीटिंगवाला म्हणतो मी आलो, गाणीवाला, गेमवाला, फोटो सांभाळणारा, सगळे एकदम. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात शिफ्ट सुटताना कंपनीच्या छोट्या गेटातून सगळी गर्दी एकाच वेळी बाहेर पडायला बघते, तसं. अशा वेळी कोणीच पटकन बाहेर पडत नाही. या सगळ्यांना परवानगी कोणी दिली? तुम्हीच दिली. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ करत दिली. ‘कॉम्प्युटरबरोबरच सुरू हो’ या ओळीपुढची खूण त्यांनी आधीच करून ठेवली होती आणि तुम्ही ती ओळ वाचली नाही. याला मी फसवणूक म्हणते. कोणी काही म्हणो.

उपाय दहा मिनिटांचा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबायची, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ‘स्टार्टअप’ असं लिहिलेलं पान असतं. तिथे सगळ्यांची यादी लागलेली असते. नको त्याच्यावर उजवं बटण दाबून ‘डिसेबल’ म्हणायचं. प्रोग्रॅम पुसला जात नाही, कुठे जात नाही. बोलावल्याशिवाय यायचं नाही, एवढंच त्याला सांगितलेलं असतं. उद्या हवा झाला तर तिथेच ‘एनेबल’.

प्राधिकरणातल्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या बंगल्यावर मी हे केलं तेव्हा ते चक्क नाराज झाले. दुसऱ्या एका दुकानदाराने त्यांना नवीन मशीनच सांगितलं होतं, त्यांनी मनाची तयारी केली होती, टेबलाचं मापही घेतलं होतं.

‘एवढंच होतं?’ ते म्हणाले.

‘एवढंच होतं, सर.’

‘नक्की? पुन्हा एकदा बघा ना.’

रोग छोटा निघाला की लोकांना अपमान झाल्यासारखं का वाटतं, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. कारण नंतर तीच चूक मी स्वतः केली, आणि तीही एका बाईची नोकरी टांगणीला लागलेली असताना.

मी दापोडीत राहते. नोकरीतून उरलेल्या वेळात कंत्राटी कामगारांच्या एका छोट्या संघटनेचं काम करते. मुख्यतः पत्रकं लिहिते. पत्रक लिहिणं मला जमतं. वर एक प्रश्न, खाली तीन आरोप, शेवटी ‘जवाब दो’. चाकणकडच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते म्हणून आमची बैठकही गुरुवारी. अशाच एका गुरुवारी छायाताई आल्या.

छायाताई मूळच्या बीडकडच्या. नवरा चिखलीत गॅरेजमध्ये, दोन मुली शाळेत. त्या निघोज्याजवळच्या एका कारखान्यात डिस्पॅच विभागात कॉम्प्युटर चालवायच्या. मोठ्या गाडी कंपन्यांना सुटे भाग पुरवणारा कारखाना. खोकं काट्यावर ठेवायचं, वजन कॉम्प्युटरवर येतं, त्याचं लेबल छापून खोक्यावर चिकटवायचं, खोकं ट्रकमध्ये. लेबल नाही तर खोकं हलत नाही, असा नियम. काम त्या चोख करायच्या. तरी त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले दोन मेमो होते.

मेमोत लिहिलं होतं: सवयीने उशिरा येणे, कामात टाळाटाळ. तारखा बघितल्या. सगळे शुक्रवार.

‘तिसरा आला की संपलं,’ छायाताई म्हणाल्या. ‘पुढल्या महिन्यात कंत्राटाचं रिन्यूवल हाये. मग ते कशाला ठेवतील मला?’

‘शुक्रवारी उशीर होतो का तुम्हाला?’

‘न्हाई हो. पावणेसातला गेटच्या आत असते मी. वॉचमनच्या वहीत सही हाये. पण ते म्हणतेत गेटवर आली म्हंजे कामावर आली आसं नसतं. काम्पुटरवर लॉगिन करशील तवा हजेरी. आन शुक्रवारी माझं लॉगिन होतंय साडेसातच्या पुढं. त्यो काम्पुटर उठतच न्हाई बघा लवकर.’

आता लक्ष द्या. समोरची बाई सांगतेय, कॉम्प्युटर लवकर उठत नाही. ऐकणारी बाई कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरते. आणि ती काय म्हणाली?

‘ते राहू द्या ताई. सुपरवायझर काय बोलतो ते सांगा.’

असं म्हणाले मी. लिहितानाही कान तापतात.

मला कारण मोठं हवं होतं. मेमोवर ‘डिस्पॅच सुपरवायझरच्या विभागातून’ असं काहीतरी छापलेलं होतं, तेवढं मला पुरलं. सुपरवायझरचं नाव दत्ता, तिथल्याच जुन्या गावच्या घराण्यातला. त्यांच्या घराची जमीन एमआयडीसीत गेली होती आणि बदल्यात नोकरी मिळाली होती. छायाताई म्हणाल्या, ‘मानूस वाईट न्हाई, जरा वराडतो.’ मी फक्त ‘वराडतो’ लिहून घेतलं.

पत्रकाचा मथळा केला: ‘सुट्टीनंतरच्या दिवशी महिला कामगारालाच लक्ष्य का? दत्ता सुपरवायझर, जवाब दो!’ नाव ठळक. छायाताईंचं नाव अर्थातच नाही. सोमवारी सकाळी गेटवर पत्रकं वाटली. मला फार बरं वाटलं. पत्रक वाटून झालं की नेहमी वाटतं, काहीतरी केल्यासारखं.

बुधवारी दुकानात मालकांनी तक्रारीचा कागद माझ्यासमोर टाकला. वर्षभराच्या देखभालीचं काम आमच्याकडे असलेल्या कारखान्यांपैकी एक. ‘डिस्पॅचचा पीसी स्लो. शुक्रवारी सकाळी पावणेसातलाच यावे, तेव्हाच कळेल.’ खाली सही दत्ताची. कारखाना तोच. इतके दिवस आमच्या दुकानातला दुसरा माणूस तिथे जायचा. तो गावाला गेला होता.

शुक्रवारी सकाळी मी गेले. सोमवारी मला पत्रकं वाटताना पाहिलेल्या वॉचमनने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, आत फोन केला, पण पास दिला. डिस्पॅचमध्ये छायाताई कॉम्प्युटरसमोर उभ्या होत्या, घड्याळात सात वाजायला दहा मिनिटं होती, आणि बटण त्यांनी तेव्हाच दाबलेलं होतं. मला बघून दचकल्या, ओळख दाखवली नाही. शहाण्या बाई. बाजूला पन्नाशीचे, पांढरी मिशी, गळ्यात शिट्टी असलेले गृहस्थ. दत्ताभाऊ. त्यांनी खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं, माझ्यासमोर धरलं.

‘हे तुमीच लिवलंय ना?’

मी खोटं बोलत नाही. ‘हो.’

‘बरं लिवलंय. माझी नात वाचून दाखवत व्हती. म्हनली, आबा, तुमी कुनाला लक्ष्य केलं?’ त्यांनी घडी पुन्हा खिशात ठेवली. ‘आता बसा. ह्यो डबडा बघा. मग भांडू.’

आम्ही तिघं त्या पडद्याकडे बघत बसलो. पडदा आला, गोल गोल फिरत राहिलं. सात वाजले. भोंगा झाला. पासवर्ड टाकायची जागा आली, छायाताईंनी टाकला, आणि मग खरी मजा. एकामागून एक खिडक्या उघडायला लागल्या. अँटीव्हायरसची मुदत संपली आहे. दुसऱ्या अँटीव्हायरसचीही संपली आहे. अमुक प्रिंटर सापडत नाही. आजचा राहुकाळ. गाण्यांच्या प्रोग्रॅमची नवीन आवृत्ती. माउसचा बाण हलवला की थोड्या वेळाने हलायचा. डिस्पॅचचा प्रोग्रॅम उघडून लॉगिन झालं तेव्हा सात वाजून सदतीस मिनिटं झाली होती.

‘हे असं रोज?’ मी विचारलं.

‘रोज कुटं,’ दत्ताभाऊ म्हणाले. ‘एरवी ह्यो बंदच हुत न्हाई. तिन्ही शिफ्टा चालूच. रातीचा पोरगा उठतो, ही बसती. गुरवारी मेन स्विच पडतो तवा बंद. म्हंजी शुक्रवारी फर्स्ट शिफ्टला जो येईल त्येच्या बोकांडी.’

‘आणि शुक्रवारी फर्स्टला कोण येतं?’

‘बाया कायम फर्स्टलाच. हीच येती.’

सगळं समोर मांडलेलं होतं. आठवड्यातून एकदाच बंद होणारं मशीन, आणि ते चालू करायची पाळी कायम एकाच बाईवर. हजेरी त्याच मशीनवरून. ऑफिसातले लोक नऊला येणार, संगणकाने काढलेली उशिराची यादी बघणार, आणि यादीत दर शुक्रवारी एकच नाव. कोणाचा कट नव्हता. कट असता तर मला सोपं गेलं असतं.

‘तुम्हाला माहीत होतं, यावरून तिला मेमो निघतात?’

‘आईशपथ न्हाई. मला वाटलं गेटवरनं काय भानगड आसंल. मेमो वरनं येतो, आमी सही घेऊन परत धाडतो. पन पीसीची तक्रार म्या तीनदा केली. तुमचा तो मानूस यायचा सोमवारी, चालू मशीन बघायचा, म्हनायचा जुना झालाय, नवा घ्या.’

आमचा तो माणूस. आमच्या दुकानाचा.

स्टार्टअपची यादी उघडली. एवढी लांब यादी मी बघितली नव्हती. ज्याने ज्याने त्या खुर्चीवर बसून काही टाकलं होतं ते सगळं हजर. कोणी गाणी, कोणी राहुकाळ, कोणी क्रिकेटचा स्कोअर दाखवणारं काही. ती माणसं कंत्राट संपवून अकरा-अकरा महिन्यांनी बाहेर काढली गेली होती. त्यांचे प्रोग्रॅम मात्र दर शुक्रवारी ड्युटीवर. या कारखान्यात कायम नोकरी मिळाली ती त्यांनाच. हे वाक्य मी तिथेच पाठ करून ठेवलं, पुढच्या पत्रकासाठी.

आणि मग माझ्या अंगात आलं. डिसेबल, डिसेबल, डिसेबल. यादीच्या तळाशी एक होता, त्याला धड नाव नव्हतं, बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसती तीन अक्षरं आणि एक आकडा. असे बेनामी प्रोग्रॅम दिसले की मला संशय येतो. त्यालाही डिसेबल. दत्ताभाऊंना विचारून मशीन रीस्टार्ट केलं. साडेतीन मिनिटांत छायाताई लॉगिन होऊन बसल्या होत्या.

‘आरं तिच्या!’ दत्ताभाऊ म्हणाले.

छायाताई खुर्चीत अशा टेकून बसल्या, जणू पहिल्यांदाच त्या खुर्चीला पाठ आहे हे कळलंय.

हे सुख वीस मिनिटं टिकलं. ट्रक लागला. पहिलं खोकं काट्यावर ठेवलं आणि कॉम्प्युटरवर वजन आलंच नाही. दुसरं ठेवलं. नाही. काटा चोवीस किलो दाखवतोय, पडद्यावर शून्य. शून्य किलोचं लेबल छापता येत नाही. ट्रक उभा, माल उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

‘ताई, काटा बोलंना,’ दत्ताभाऊ म्हणाले, आणि पहिल्यांदा ओरडले, ‘काय केलंत तुमी?’

मी वायर तपासली. काटा बंद करून चालू केला. डोक्यात एकच: आज तिचं लॉगिन सात-सदतीसला पडलंय, म्हणजे तिसरा मेमो तयारच आहे, आणि आता ट्रकही तिच्याच नावावर उशिरा जाणार. तो मेमो मी स्वतःच्या हाताने लिहिल्यासारखा.

‘थांबा जरा,’ छायाताई म्हणाल्या. ‘इथं खाली कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो. घड्याळापाशी. आज न्हाई तो.’

‘कसला ठिपका?’

‘काय की. कामून असतो ते म्हाईत न्हाई. पण तो हिरवा झाल्याबिगर काटा चालत न्हाई एवढं म्हाईत हाये. रोज बघते ना मी.’

तीन अक्षरं आणि एक आकडा. काटा आणि कॉम्प्युटर यांचं बोलणं जोडून देणारा तोच होता. काटा बसवणाऱ्या कोण्या माणसाने कधीकाळी लिहिलेला, म्हणून बिननावाचा. मी तो एनेबल केला आणि हाताने सुरू केला. ठिपका उगवला. पडद्यावर चोवीस किलो आले. लेबल कर्रकर्र करत बाहेर पडलं. ट्रक वेळेत सुटला, अगदी काठावर.

या धंद्यातली एक गोष्ट तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते. काय बंद करायचं हे यादी बघून ठरवू नका. त्या खुर्चीवर रोज बसणाऱ्या माणसाला आधी विचारा. मी आठ वर्षांची तज्ज्ञ, आणि मला त्या दिवशी वाचवलं ते जिच्यासाठी मी लढत होते तिनेच.

आता उरले मेमो. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक नोंद आपोआप होत असते: मशीन कधी बंद पडलं, कधी चालू झालं. कोणी बघत नाही, पण ती असते. मी मेमोतल्या शुक्रवारांच्या आणि त्या दिवशीच्या नोंदी काढून छापल्या. एका बाजूला मशीन चालू झाल्याची वेळ, शेजारी छायाताईंच्या लॉगिनची. सहा-बावन्न, सात-पस्तीस. सहा-पन्नास, सात-एकेचाळीस. सहा-पन्नास, सात-सदतीस. बटण दाबणारी बाई दर वेळी भोंग्याच्या आधी तिथे होती.

तो कागद घेऊन मी, छायाताई आणि दत्ताभाऊ एचआरच्या साहेबांकडे गेलो. दत्ताभाऊंना मी बोलावलं नव्हतं. ते स्वतः आले.

‘मॅडम, तुम्ही मशीन बघायला आलात ना?’ साहेब म्हणाले. ‘हा कामगारांचा विषय आहे.’

‘मशीनचाच विषय आहे, साहेब. माणसाच्या नावावर लिहिला गेलाय.’

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. ‘मग हिने हे आधी का नाही सांगितलं?’

‘सांगितलं की, साहेब,’ छायाताई म्हणाल्या. ‘दोनदा. तुमी म्हणलात, बाकी दिवशी कसा चालतो?’

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. खोटं नाही सांगत, वाईट माणूस वाटला नाही तो. त्याच्यासमोर यादी होती, यादीत नाव होतं. मी तरी दुसरं काय केलं होतं? मला मेमोवर ‘सुपरवायझर’ दिसलं आणि मी त्याचं नाव ठळक छापलं.

‘दिलेले मेमो मागे घेता येत नाहीत,’ ते शेवटी म्हणाले. ‘पण यापुढे...’

तेव्हा दत्ताभाऊंनी खिशातून पत्रक काढून टेबलावर उलगडलं. ‘साहेब, हे माझ्या नावानं साऱ्या गेटावर वाटलंय. दोष नसताना. म्या काय बोललो का? आता ह्या बाईंना तुमचं नाव कळलंय. आन ह्या लिवत्यात झ्याक.’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी अगदी नम्र चेहरा केला. तो मला फारसा जमत नाही.

दोन्ही मेमोंवर ‘रद्द’ लिहून सही झाली. तिसरा निघालाच नाही. बाहेर आल्यावर छायाताई जिन्याच्या पायरीवर खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या, आणि रडता रडताच म्हणाल्या, ‘माय, आज धाकटीची फी भरायला जायचंय, डोळे सुजले तर काय सांगू?’ दत्ताभाऊ इकडे तिकडे बघत शिट्टीशी खेळत राहिले. मला छातीवरून पोतं उतरल्यासारखं झालं होतं. इतकं हलकं मला मोर्चा जिंकल्यावरही वाटलेलं नाही.

दुकानात मालकांनी खडसावलं. ‘दुरुस्ती करायला गेली होतीस की मोर्चा काढायला?’ मी म्हटलं, दोन्ही झालं. आणि हेही म्हटलं, की तीन तक्रारी येऊन आपला माणूस ‘नवा घ्या’ म्हणून परत आला, त्यावर आधी बोलू. मालक पावतीपुस्तक चाळायला लागले.

पुढच्या शुक्रवारी मी दुसरं पत्रक घेऊन त्याच गेटवर उभी होते. मथळा होता, ‘आमची चूक झाली.’ असा मथळा मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला. दोष कशाचा होता, तो कसा सापडला, आणि दत्ता सुपरवायझर यांच्यावर केलेला आरोप खोटा होता, ते साहेबांसमोर त्या कामगार बाईच्या बाजूने कसे उभे राहिले, सगळं. खाली दोन ओळींत, लॉगिनवरून हजेरी मोजणं कसं अन्यायाचं आहे, ती मागणी. सवय जात नाही.

दत्ताभाऊ आले, जागेवर उभं राहून सगळं वाचलं. ‘माझं नाव बारीक छापलंय. तवा मोठं व्हतं.’

‘चुकलं, भाऊ.’

‘ऱ्हाऊ द्या,’ ते म्हणाले, पण चार प्रती घेऊन गेले.

छायाताईंनी पत्रक पर्समध्ये टाकलं. रिन्यूवलच्या कागदावर बुधवारीच सही झाली होती. ‘थांबत न्हाई, माय,’ म्हणाल्या आणि आत गेल्या. मी गेटसमोर उभी राहून उरलेली पत्रकं सारखी करत होते. खरं तर उगाचच. आत फोन नेऊ देत नाहीत, म्हणजे मला काही कळणार नव्हतं. भोंगा झाला. सात वाजून पाच-सात मिनिटांनी वॉचमनच्या केबिनमधला फोन वाजला. त्याने ऐकलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला:

‘ओ पत्रकवाल्या मॅडम! दत्ताभाऊ म्हणतायत, लॉगिन सहा-चोपन्न. काय सहा-चोपन्न?’

‘काही नाही,’ मी ओरडून सांगितलं. ‘बाई वेळेवर आली.’